थेंबमावशीची टाकी

माझ्या मावशीच्या पेट्रोल पंपावरून जाताना लोकांना एक मशीन दिसतं, एक पत्र्याची खोली दिसते आणि उन्हात छत्री धरून उभी असलेली एक बुटकी बाई दिसते. एवढंच. यात काय मोठंसं, असं त्यांना वाटत असणार. मलाही वाटायचं. रस्त्याच्या कडेला दोन मशिनं उभी करायची, वर छत टाकायचं आणि गल्ल्यावर बसायचं, झाला पंप, अशी माझी समजूत होती. पंपाचा मोठा भाग जमिनीखाली असतो हे मला मावशीने शिकवलं. ते शिकता शिकता माझा तोरा उतरला, तो परत काही चढला नाही.

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद बघते. कुणाचं काय जळालं, काय बुडालं, काय मोडलं, ते सगळं माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे कुठलीही नवीकोरी वस्तू दिसली की ती कशी मोडेल हे मला आधी दिसतं. घरात या गुणाचं कौतुक कुणालाच नाही. लग्नाच्या बोलण्यांना मला कुणी नेत नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. बावीस वर्षं तिने दुसऱ्याच्या पंपावर गाड्यांत पेट्रोल भरलं. सगळे तिला थेंबमावशी म्हणायचे. भरून झालं की बाकीचे लोक नोझल काढून जागेवर अडकवतात. मावशी ते गाडीच्या टाकीच्या तोंडातच धरून ठेवायची, हलकेच दोनदा आपटायची आणि नळीत अडकलेला शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघायची. घाईतल्या माणसाने झाकण पुढे केलं की म्हणायची, "थांबा, अजून एक थेंब आहे तुमचा." मागची रांग भोंगे वाजवायची. मालक काचेमागून डोळे वटारायचा. ही आपली थेंबाची वाट बघत उभी.

हे वेड तिला उपजत नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी जमिनीतल्या टाकीचं झाकण नीट बसवलं नाही आणि पावसाचं पाणी आत गेलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि वाढत वाढत नळीच्या तोंडापर्यंत आलं की पेट्रोलबरोबर गाडीत जातं. मालकाला दुपारीच कळलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. मावशीने संध्याकाळपर्यंत वीसेक गाड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक भाजीवाला आपली तीनचाकी ढकलत पंपावर आला. गाडीत टोमॅटो नासत होते. त्याच्या हातात प्लास्टिकचा डबा होता, त्यात वर पेट्रोल आणि खाली बोटभर पाणी, मधे स्वच्छ रेघ. डबा त्याने मावशीच्या पायाशी ठेवला. तो भांडला नाही. "ताई, मी तुमच्या हातून घेतलं होतं," एवढंच म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला. काचेमागच्या मालकाकडे त्याने बघितलंही नाही.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर तासभर आधी जायला लागली. पितळी मोजकाठीच्या टोकाला पिवळी पेस्ट लावायची, काठी टाकीच्या तळापर्यंत सोडायची, वर काढून बघायची. तळाला पाणी असेल तर तेवढी पेस्ट लाल होते. असं तिने वीस वर्षं रोज केलं. तिचं ते कामच नव्हतं, त्याचा पगारही नव्हता. लाल टोक दिसलं तर मशीनला कुलूप लावून ती मालकाच्या दारात उभी राहायची. "हिला काढून टाकतो," असं मालक वर्षातून दोनदा म्हणायचा आणि काढायचा नाही, कारण तोवर अर्धं गाव त्याच्या पंपावर केवळ तिच्यासाठी येत होतं.

मग मालक म्हातारा झाला. पंप विकला गेला. नव्या मालकाने नवी माणसं ठेवली आणि मावशीला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेव्हा तिला एक्कावन्नावं लागलं होतं. आठवड्याभराने ती आमच्याकडे आली आणि चपला काढता काढता मला म्हणाली, "मला पंप काढायचाय. छोटासाच. खर्च किती येईल, ते तू मांडून दे."

मी हसले. खोटं कशाला बोलू, खो खो हसले. ती पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं आणि माझं हसू संपायची वाट बघत बसली. बाईला वाट बघायची सवयच होती.

मी तिला खर्च मांडून दिला तो कायमचा घाबरवण्यासाठीच. जागा. जागेची भर. जमिनीत पुरायच्या दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. नळ्या. दोन मशिनं. छत. दिवे. आग विझवायची नळकांडी आणि वाळूच्या बादल्या. पाच कार्यालयांचे परवाने. विमा. दोन माणसांचा सहा महिन्यांचा पगार, धंदा चालो न चालो. आणि सगळ्यात शेवटी इंधनाची पहिली गाडी, जिचे पैसे गाडी यायच्या आधी भरावे लागतात. म्हणजे एक थेंब विकायच्या आधी सगळं जग विकत घ्यायचं. आणि एवढं करून लिटरमागे सुटणार किती, तर नखावर मावेल एवढं. पत्ता चुकला आणि गिऱ्हाईक आलं नाही तर तेवढंही नाही. बेरजेखाली मी लाल शाईने दोन रेघा मारल्या.

मावशीने एकेका ओळीखाली बोट धरून दीड पान वाचलं. मग म्हणाली, "छान लिहिलंयस गं. पण दोन वस्तू राहिल्या. तपासायचं पाच लिटरचं माप आणि मोजकाठी." आणि माझंच पेन घेऊन तिने त्या दोन वस्तू यादीच्या अगदी वर, जागेच्याही वर लिहिल्या.

मला आशा होती ती काकांची. काका म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र, आणि कर्जासाठी बँकेला तेच घर तारण हवं होतं. हा माणूस कापडाचा वीतभर तुकडा वाया जाऊ देत नाही, घर कसं देईल, असा माझा हिशेब. काकांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

"काका, अहो, पंप चालला नाही तर हे घर जाईल."

"लग्न झाल्यापासून हिच्या केसांना पेट्रोलचा वास येतोय," काका म्हणाले. "आतापर्यंत तो नोकरीचा होता. जरा मालकिणीचा येऊन बघू दे."

त्यानंतर जे सुरू झालं त्याकडे मी आधी चिडून आणि मग तोंडात बोट घालून बघत राहिले. मावशी दहावी नापास. पण जागा ठरवायला ती दोन आठवडे रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसली, मांडीवर काकांच्या बटणांचे दोन डबे घेऊन. मोटार गेली की एक पांढरं बटण या डब्यातून त्या डब्यात. दुचाकी गेली की काळं. मालाची गाडी गेली की कोटाचं मोठं. सकाळी रस्त्याच्या एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. रोज घरी येऊन काका बटणं मोजायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे. मी म्हटलं, सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाड्या जास्त आहेत, पंप त्या बाजूला हवा. मावशी म्हणाली, "सकाळी माणूस घड्याळ बघत असतो. अगदीच काटा खाली गेला असेल तरच थांबतो, आणि तेही थोडंच भरतो. घरी परतताना तो टाकी भरतो आणि चार शब्द बोलतो. पंप परतीच्या बाजूला हवा." आमच्या कंपनीत या कामासाठी कोट घातलेली माणसं ठेवतात आणि त्यांना हे सुचत नाही.

परतीच्या बाजूची जागा स्वस्तात मिळाली, कारण ती रस्त्यापेक्षा खोलगट होती. विहिरी लांब, वस्ती लांब, वळण मोकळं, सगळं मनासारखं. फक्त जमीन ओलसर. परवान्यासाठी नकाशा लागतो म्हटल्यावर काकांनी तो कपडे बेतायच्या खाकी कागदावर काढला, टेपने मोजून, सगळ्या कडांना शिवणीची जागा सोडून. अधिकारी बराच वेळ तो कागद उलटसुलट करत राहिला. "मापं बरोबर आहेत," तो शेवटी म्हणाला, "पण ही बाही कसली?" ती गाडी आत वळायची वाट होती. नकाशा मंजूर झाला.

मग पहिली टाकी आली, पेट्रोलची. त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली होती. वीस हजार लिटरची लोखंडी टाकी क्रेनला लटकत हळूहळू खड्ड्यात उतरत होती आणि आम्ही सगळे मान वर करून, मग मान खाली करून बघत होतो. काकांची पुढची खोली तिच्यात शिवणयंत्रासकट मावली असती. एवढी मोठी वस्तू आपल्या घरातल्या बाईने विकत घेतली आहे आणि ती आता कुणाला दिसणारही नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. मावशीने शिडीवरून खाली उतरून टाकीला तळवा लावला, कान लावला, बोटाने वाजवून बघितली. वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण मी धुळीचं निमित्त केलं.

ठेकेदार म्हणाला, "मावशी, आता टाकीत पाणी भरून घेऊ. पट्टे आवळायला आणि काँक्रीट टाकायला चार दिवस लागतील, तोवर वजन हवं."

"पाणी?" मावशी म्हणाली.

"सगळेच भरतात. नंतर पंपाने काढून टाकायचं."

"सगळं निघतं?"

"तळाला राहतं थोडं. बादलीभर. त्याने काही होत नाही, नळीचं तोंड त्याच्या वर असतं."

बादलीभर म्हणाला आणि तिथेच सगळं बिनसलं. मावशीचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "माझ्या टाकीत पाण्याचा एक थेंब जाणार नाही," ती म्हणाली. ठेकेदाराने समजावलं, काकांनी समजावलं. ती हलली नाही. शेवटी ठेकेदाराने वही काढली, 'पाणी भरण्यास मालकांनी नकार दिला' असं लिहिलं आणि तिची सही घेतली.

आणि मी काय केलं, तर गप्प बसले. बांधकामाचा विमा मीच तिला गळ घालून घ्यायला लावला होता. ती नको नको म्हणत असताना. त्या कागदात बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की काँक्रीट पडेपर्यंत टाकी पाण्याने भरलेली असली पाहिजे. ते मी वाचलं होतं. मनात म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, हिच्याशी कोण डोकं लावणार. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याचा दावा मी स्वतः फेटाळला असता.

पाऊस दुसऱ्याच दिवशी लागला. हंगाम नव्हता, काही नव्हतं. दोन दिवस संततधार. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "ये," म्हणाले, आणि ठेवला.

मी पोहोचले तेव्हा पाऊस थांबला होता आणि रस्त्यावर गाड्या उभ्या करून लोक बघत होते. आसपासच्या शेतांतलं पाणी खोलगट जागेत उतरलं होतं, खड्डा काठोकाठ भरला होता, आणि त्या पाण्यावर टाकी तरंगत होती. वीस हजार लिटरची, क्रेनला जड गेलेली टाकी. एक टोक वर काढून ती हलकेच डुलत होती. टाकीभोवती भरलेली वाळू चहूकडे सांडली होती आणि खड्ड्याच्या कडा ढासळल्या होत्या. भीतीपेक्षा मोठं काहीतरी मला वाटलं. बघावंसं वाटत होतं आणि आपण हे बघतोय याची लाजही वाटत होती. मावशी काठावर उभी होती. "एवढं बळ असतं पाण्याला," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. तिला स्वतःलाच नव्याने समजलं होतं ते.

ठेकेदाराने हिशेब सांगितला. पुन्हा क्रेन, पुन्हा खड्डा, पाणी उपसणं, वाळू, मजुरी. तेवढे पैसे कुणाकडेच नव्हते. उघडायची तारीख परवान्यावर छापलेली होती, ती टळली की परवाना रद्द, आणि परवाना रद्द म्हणजे काकांचं घर बँकेचं. विम्याचे पैसे मिळाले तरच निभावणार होतं. ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, वहीतलं ते पान मी फाडतो. टाकी अर्धी भरली होती म्हणा, झडप सैल होती म्हणून पाणी निघून गेलं. माझेही पैसे अडकलेत." मी इकडेतिकडे बघितलं आणि मान डोलावली. इतकी वर्षं लोकांचं खोटं पकडणारी मी, मला ते खोटं फार नीट शिवलेलं वाटलं. मावशीला मी दोनदा पढवलं. ती ऐकत होती. हो म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्याच कंपनीचे सर्व्हेअर आले. वयस्कर, गुडघे दुखणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी खड्ड्याभोवती फेरी मारली, फोटो काढले आणि पॅडला कागद लावून विचारलं, "बाई, टाकी उतरवल्यावर तिच्यात पाणी भरलं होतं का?"

"नाही," मावशी म्हणाली. "हे ठेकेदार भरा म्हणत होते. त्यांनी दोनदा सांगितलं. मीच नको म्हटलं. त्यांच्या वहीत माझी सही आहे."

ठेकेदाराने कपाळाला हात लावला. सर्व्हेअरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बाई, हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. जाताना त्यांनी मावशीला हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांना दावेदारासमोर हात जोडताना मी कधी बघितलं नव्हतं, पण त्या हात जोडण्याचे पैसे होत नव्हते.

घरी येऊन मी नाही नाही ते बोलले. हट्टी म्हटलं, स्वार्थी म्हटलं, स्वतःच्या थेंबापायी नवऱ्याचं घर बुडवणारी म्हटलं. मावशी पायरीवर बसून चिखलाच्या चपला घासत होती. तिने मला सगळं बोलू दिलं.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "मला टाकीतलं पाणी कळतं, टाकीखालचं कळत नव्हतं. आता कळलं. पण त्या साहेबांना खोटं सांगितलं असतं ना, तर ते त्या टाकीतच राहिलं असतं. रोज काठी सोडताना मला दिसलं असतं."

मी काकांकडे वळले. ते यंत्रावर बसून कुणाची तरी पँट आखूड करत होते. "तुम्ही तरी काहीतरी बोला. घर तुमचं आहे."

काकांनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "बावीस वर्षं ही घरी येते आणि चहा टाकताना सांगते, आज सगळ्यांना पुरतं माप दिलं. मी हूं म्हणतो. आज तिने खरं सांगितलं नसतं तर मला हूं म्हणता आलं नसतं." आणि पुन्हा पायडल मारायला लागले. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी मावशीने माझी ती दीड पानांची यादी मागितली. खाली बसून, बोट धरून, एकेक ओळ खोडायला लागली. डिझेलची टाकी खोडली. दुसरं मशीन खोडलं. छत खोडलं. "उन्हात उभी राहशील?" मी विचारलं. "छत्री आहे की," म्हणाली. दोन माणसांचा पगार खोडला आणि तिथे स्वतःचं नाव न लिहिता नुसती एक रेघ ओढली. विजेची पाटी खोडली. काका म्हणाले, मी कापडावर शिवून देतो. छोटासा पंप आणखी छोटा होत गेला. पाच लिटरचं माप आणि मोजकाठी, या वरच्या दोन ओळींना मात्र तिने हात लावला नाही. खोडलेल्याची बेरीज मीच केली. दुसऱ्या खड्ड्याला पुरत होती, वर फार काही उरत नव्हतं.

टाकी तपासली, हवा भरून बघितली, कुठे चीर नव्हती. ती पुन्हा खड्ड्यात उतरली. पाण्याची गाडी येऊन उभी राहिली. ठेकेदाराने पाईप आणला आणि टाकीच्या तोंडाशी थबकला. मजूर थबकले. सगळे मावशीकडे बघत होते. ती उठली, साडीचा पदर खोचला आणि ठेकेदाराच्या हातातून पाईप घेतला.

"द्या इकडे. माझ्या टाकीत पाणी जायचंच असेल तर ते मी घालणार."

दोन गाड्या पाणी तिने स्वतःच्या हाताने टाकीत सोडलं. आतून घुमल्यासारखा आवाज येत होता, तो भरत भरत बारीक झाला. ती तोंड घट्ट मिटून उभी होती. जिने वीस वर्षं एक थेंब आत जाऊ दिला नाही ती हे करत होती, आणि मला जन्मात कुठल्या माणसाचा एवढा आदर वाटला नव्हता. काका मात्र म्हणाले, "शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा बरं का," आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मावशी हसली.

पट्टे आवळले, काँक्रीट पडलं, सुकलं. पाणी उपसलं. ठेकेदाराने सांगितल्याप्रमाणे तळाला बादलीभर राहिलं. "आता सोडा, मावशी. जगात सगळीकडे असंच असतं." मावशी म्हणाली, "असू दे," आणि काकांकडे चिंध्यांचं गाठोडं मागितलं.

टाकी कोरी होती, तिने अजून पेट्रोल बघितलं नव्हतं. तरी दिवसभर पंखा लावून आत वारा सोडला, कमरेला दोर बांधला, तोंडाशी ठेकेदार बसला. आत दोघं हवीत म्हणाला, एकटीला सोडणार नाही. मी म्हटलं, मी जाते. बाराव्या कलमाचं तिला त्याच सकाळी सांगितलं होतं मी. ती म्हणाली होती, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं," आणि त्याने माझं ओझं काही कमी झालं नव्हतं.

शिडीने खाली उतरले. वर ताटाएवढं गोल उजेडाचं तोंड, आणि आत ती लांबलचक लोखंडी खोली. कुजबुजलं तरी आवाज चारी बाजूंनी परत येत होता. उद्यापासून इथे कधीच कुणी येणार नाही, हे आत कसं आहे ते कुणालाच कळणार नाही, आणि तरीही ही बाई गुडघ्यांवर बसून विजेरीच्या उजेडात तळ पुसत होती. आधी बादली, मग फडकं, मग कोरडं फडकं. प्रत्येक जोडाच्या कडेने बोट फिरवायची आणि बोट गालाला लावून बघायची. मी तिच्या मागे मागे. वरून काका चिंध्या मोजून सोडत होते आणि ओल्या झालेल्या मोजून परत घेत होते, कारण एक चिंधी आत राहिली तर नळी तुंबेल. खाली गेल्या एक्केचाळीस, वर आल्या चाळीस. दोघी लोखंडावर रांगत अर्धा तास शोधत राहिलो. एक्केचाळिसावी मावशीच्या कमरेला खोचलेली निघाली. काका वरून म्हणाले, "शिंप्याला फसवता?"

निघताना माझ्या विजेरीत काहीतरी चमकलं. लांबच्या टोकाला, जोडाच्या खाचेत, एकच थेंब. मी तो बोटाने टिपला. मावशीला सांगितलं नाही, पण तिने बघितलं असावं, कारण शिडी चढताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तारखेच्या आदल्या दिवशी इंधनाची गाडी येऊन टाकी भरून गेली. तारखेच्या सकाळी आम्ही तिघं पंपावर. डोक्यावर छत नाही, वर कापडाची पाटी, एक मशीन. मावशीने मोजकाठीच्या टोकाला पिवळी पेस्ट लावली, काठी तळापर्यंत सोडली, थांबली, वर काढली. स्वतः बघितली नाही. माझ्या हातात दिली.

"तू बघ. तुमच्या कंपनीच्या डोळ्यांनी बघ."

मी बघितलं. ऊन होतं, काठी फिरवून फिरवून बघितलं. खोट काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. टोकापासून शेवटपर्यंत पेस्ट पिवळी होती.

"काही नाही," मी म्हटलं. काठी तिच्याकडे परत दिली.

तिने काठी पुसून जागेवर ठेवली आणि वाटेवरची साखळी काढली. पहिलं गिऱ्हाईक बराच वेळ आलं नाही. मग एक स्कूटरवाला वळला, वैतागलेला, घाईत. मावशीने भरलं. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. आकडा थांबताच त्याने झाकण पुढे केलं. मावशीने नोझल हलकेच दोनदा आपटलं आणि त्याचा हात अडवला.

"थांबा," ती म्हणाली. "अजून एक थेंब आहे तुमचा."

तो थांबला. आम्ही सगळेच खाली बघत राहिलो, तो थेंब पडेपर्यंत.